पाटीवरचं ‘वापरत असत’ : ठाण्यातल्या संग्रहालयांच्या पाट्या कोणी लिहायच्या?

ओसरी
१३ ऑगस्ट, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यातली गोष्ट आहे, पण डोक्यातून जात नाही म्हणून धागा काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

जागतिक आदिवासी दिनाच्या निमित्तानं ठाण्यात एका सभागृहात स्थानिक वारशाचं प्रदर्शन भरलं होतं. जुनी भांडी, दागिने, शेतीची अवजारं, जाळी, वाद्यं, पाचसहा वारली चित्रं. भरवणारी माणसं मनापासून राबलेली दिसत होती, त्यामुळे कुणाचं नाव घेऊन टीका करायची नाहीये. येऊरच्या एका पाड्यावरच्या मावशींना मी मुद्दाम सोबत नेलं होतं. जूनमध्ये शेवळं आणि काकडं, मग कंटोळी, फोडशी, टाकळा अशा सगळ्या रानभाज्या गेली बारा-पंधरा वर्षं मी त्यांच्याकडून जांभळी नाक्यावर घेते आहे. त्यांची सातवीतली नातही आली होती.

तारप्यापाशी आम्ही थांबलो. ज्यांनी जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते : वाळवलेला दुधी भोपळा, त्यात मेणानं घट्ट बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, आणि शेवटाला ताडाची पानं गुंडाळून केलेला लांब कर्णा. इथे तो कर्णा निखळला होता आणि शेजारच्या पेटीत वेगळा मांडला होता. त्याच्या खाली पाटी : ‘ताडपत्राचे पात्र’. म्हणजे एकाच वाद्याच्या दोन वस्तू झाल्या होत्या.

तारप्याखालची पाटी नातीनं मोठ्यानं वाचली. ‘तारपा. वारली जमातीचे पारंपरिक वाद्य. सुगीनंतरच्या नृत्यात हे लोक तारपा वापरत असत.’

मावशी म्हणाल्या, “असत म्हंजी?”

“म्हंजी आधी वापरायचे. आता नाय.”

“आता नाय? आनि मामाचे घरी खुंटीला टांगलाय तो काय हाय?”

मग त्यांनी तो कर्णा उचलून तारप्याला लावून दाखवायला हात पुढे केला. तिथला स्वयंसेवक मुलगा म्हणाला, “मावशी, हात नका लावू, जुनं आहे.” चांगुलपणानंच म्हणाला तो. मावशींनी हात पदरात घेतला. परत येताना रिक्षात त्या काही बोलल्या नाहीत. नात मात्र विचारत होती, “ताई, असत लिवलंय ते खोडता येतं का?”

माझा प्रश्न तोच आहे. आपल्याकडे पुस्तकं जपण्याची परंपरा मोठी आहे, मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून ठाण्यात उभं आहे. वस्तू जपायला आपण आत्ता कुठे लागलोय. शाळेतली एखादी खोली असो, गावकीचं दालन असो की उद्या महापालिकेचं मोठं संग्रहालय असो, त्यात वारली, कातकरी, ठाकूर, कोळी, आगरी यांच्या वस्तू येणारच. मग त्या वस्तूंबद्दल बोलायचं कोणी? जिवंत माणसं शेजारी उभी असताना त्यांच्याबद्दल भूतकाळात लिहायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

तुमचे अनुभव वाचायला आवडतील.

रानवाट
१३ ऑगस्ट, रात्री १०:४८

+१. वाचनखूण साठवली. नातीच्या प्रश्नाला माझ्याकडून हो. खोडता येतं आणि खोडायलाच हवं.

चेंदणीकर
१३ ऑगस्ट, रात्री ११:३५

ताई, अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत.

मी चेंदणी कोळीवाड्यातला. रेल्वेनं आमचा कोळीवाडा मधून कापला, पूर्वेला अर्धा, पश्चिमेला अर्धा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, ते प्रत्येक ठाणेकराला पाठ असतं. ज्यांच्या अंगणातून ती गाडी गेली त्यांचं काय झालं, हे मात्र कुठल्या पाटीवर मी अजून वाचलेलं नाही.

जाळ्याबद्दल सांगतो. एका ठिकाणी पाग भिंतीवर खिळे मारून ताणून लावलेला पाहिला, गालिचा लावतात तसा. पागाच्या कडेला शिशाच्या गोळ्या असतात, त्या वर आणि दोरी खाली. म्हणजे जाळं उलटं. ज्यानं आयुष्यात एकदा जरी खाडीत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून पाग फेकलाय तो हे करणार नाही. पाग हातावर कसा घेतात, थोडा दातात का धरतात, फेकल्यावर तो हवेत गोल उघडतो तेव्हा मनगट कुठे वळतं, हे सगळं त्या जाळ्याचाच भाग आहे. ते भिंतीवर येत नाही.

माझी आजी सुती जाळ्यांच्या काळातली. नायलॉन नंतर आलं. सुती जाळं कुजू नये म्हणून ऐनाची साल पाण्यात उकळून त्या लाल काढ्यात जाळं बुडवून काढायचे. आजी म्हणायची, “घरान पावसाचे आधी सालीचा वास, नंतर म्हावऱ्याचा.” आता संग्रहालयात सुती जाळं ठेवलंत तर शेजारी ऐनाच्या सालीचा एक तुकडा ठेवा की! मुलांच्या हातात द्या, वास घेऊ दे. आजीला विचारलं असतं तर तिनं पहिलं हेच सांगितलं असतं.

काचपेटी
१४ ऑगस्ट, सकाळी ९:१०

मुंबईतल्या संग्रहालय क्षेत्रात वीसेक वर्षं काम केलंय, म्हणून दुसरी बाजू मांडते. रागावू नका.

‘हात लावू नका’ या तीन शब्दांमागे कारण आहे. हाताचा घाम, तेल, आपल्याकडची दमट हवा, वाळवी, कसर. भोपळा, ताडाचं पान, सुती दोरा या वस्तू पावसाळ्यात किती लवकर जातात ते मी पाहिलंय. एकानं हात लावला तर पाचशे जण लावतात. तो मुलगा चुकला असं मी म्हणणार नाही.

पाटीचं मात्र मान्य आहे, आणि ती खोड कुठून आली तेही सांगते. आपली जुनी संग्रहालयं इंग्रजांच्या काळात उभी राहिली. भायखळ्याचं आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय लोकांसाठी १८७२ साली खुलं झालं. तिथे मुंबईच्या वेगवेगळ्या समाजांतल्या माणसांचे मातीचे छोटे सुबक पुतळे आहेत. कारागिरी अप्रतिम, मी अजूनही जाऊन बघते. पण त्या पुतळ्यांना जातीचं नाव आहे, पेहराव आहे, धंदा आहे, माणसाचं नाव नाही. माणूस म्हणजे एका जातीचा ‘नमुना’, ही त्या काळाची नजर. तीच नजर आपल्या पाट्यांमध्ये उतरली. ‘हे लोक’, ‘या जमातीत’, ‘वापरत असत’. लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, सवयीनं हात तसा चालतो.

आमच्या दाखल-नोंदवहीतसुद्धा वस्तू कधी आली, कुणी दिली, कितीला घेतली याचे रकाने असतात. दिली कुणी, तर बहुतेक वेळा एखाद्या अधिकाऱ्यानं किंवा संग्राहकानं. केली कुणी, हा रकाना रिकामा. तारपा विकत घेताना करणाऱ्याचं नाव, गाव विचारायला दोन मिनिटं लागतात. तेवढी दोन मिनिटं शंभर-दीडशे वर्षं कुणी काढली नाहीत, याची मला या क्षेत्रातली बाई म्हणून खंत आहे.

तलासरी_ते_ऐरोली
१४ ऑगस्ट, रात्री ११:५०

मी वारली. गाव तलासरीकडे, नोकरी ऐरोलीत, राहायला दिघ्याला. इथे सहसा फक्त वाचतो. आज लिहितो.

ओसरीताई, तुमच्या मावशींना जे वाटलं ते मला ठाण्यात रोज वाटतं. उड्डाणपुलाच्या खांबावर वारली नाच, हॉटेलच्या भिंतीवर वारली नाच, सोसायटीच्या गेटवर, साडीवर, कपावर. चित्र सगळ्यांना हवं. वारली चित्राला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ऑफिसात मी वारली आहे म्हटलं की लोक विचारतात, “म्हणजे तू चित्रं काढतोस?” नाही काढत. मी कोड लिहितो.

चित्राबद्दल दोन गोष्टी सांगायच्या आहेत. आमच्याकडे लग्नाचा चौक ‘काढत’ नाहीत, ‘लिहितात’. गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पाण्यानं, बांबूच्या काडीचं टोक चेचून सवाशिणी चौक लिहितात. आत पालघट देवी. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणं म्हणते, तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे हे काम मुळात बायांचं. पुढे सत्तरच्या दशकात कागद आणि कापड आलं, गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ते जगभर नेलं, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आम्हाला त्यांचा अभिमान आहे. पण संग्रहालयात ‘वारली चित्रकला’ अशी पाटी लावून धवलेरीचा आवाज नाही, लिहिणाऱ्या बाईचं नाव नाही, तर तुम्ही अर्धीच गोष्ट ठेवलीत.

दुसरं. चौक हा त्या लग्नापुरता. देवी तिथे येते ती त्या घरासाठी. तो फ्रेम करून पन्नास वर्षं टांगायचा असतो असं आमच्या आजीला कधी वाटलं नव्हतं. पालघट देवीचा चौक काचेत ठेवायचा की नाही, हे आधी बायांना विचारा. त्या हो म्हणतील, कदाचित नाही म्हणतील. नाही म्हणाल्या तर ती जागा मोकळी ठेवा.

आणि नुसता नाच दाखवू नका. आमच्या आजोबांच्या पिढीनं वेठ केली. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेतलं की नवराबायको दोघं त्याच्याकडे राबायचे, त्यांना ‘लग्नगडी’ म्हणायचे. १९४५ मध्ये किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांसोबत वारल्यांनी ते मोडून काढलं. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि आणखी चार जण गेले. हे सगळं तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात झालं. पालघर जिल्हा वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. जिल्हा वेगळा झाला म्हणून ठाण्याच्या संग्रहालयातून हा इतिहास वगळता येणार नाही.

तारपा ठेवा, पण शेजारी ‘लग्नगडी’ हा शब्दही ठेवा. आमच्या मुलांना दोन्ही कळू दे.

ओसरी
१५ ऑगस्ट, सकाळी ७:०५

तलासरी_ते_ऐरोली, तुमची पोस्ट दोनदा वाचली. ‘चौक लिहितात’ हे मला माहीत नव्हतं. लिहिणाऱ्या बायांना आपण त्यांचीच पाटी लिहू देत नाही, हे आता आणखीनच टोचतंय.

पाचवा_डबा
१५ ऑगस्ट, सकाळी ११:३०

धागा चांगला आहे. एक शंका मनापासून विचारतो. ‘मूळ रहिवासी’ नक्की कुणाला म्हणायचं? ठाणे, साष्टीत आगरी-कोळी स्वतःला भूमिपुत्र म्हणतात, आदिवासी म्हणतात आम्ही मूळचे, ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजही इथलाच जुना. सरकारदरबारी अनुसूचित जमाती हा एकच शब्द आहे. संग्रहालयात ‘हे मूळचे, ते नंतरचे’ असं मांडायला गेलो तर भांडणं लागतील, अशी भीती वाटते.

तलासरी_ते_ऐरोली
१५ ऑगस्ट, दुपारी १:१५

शंका योग्य आहे. माझ्यापुरतं उत्तर देतो. आधी कोण आलं याची रांग लावायला मी सांगतच नाहीये. ज्याची वस्तू, ज्याची जमीन, ज्याचं गाणं, त्याला विचारा, एवढंच म्हणणं आहे. हा नियम चेंदणीकरांच्या पागालाही लागू आहे.

उलट रांग न लावता एकाच टोपलीत टाकल्यानं जास्त नुकसान होतं. ‘कोळी’ म्हणून एकच पाटी असते. सोनकोळी समुद्रकाठचे, मासेमारी करणारे. महादेव कोळी सह्याद्रीतले, डोंगरातली शेती करणारे, आणि अनुसूचित जमातीत. मल्हार कोळी पुन्हा वेगळे, तेही अनुसूचित जमातीत. कातकऱ्यांचं नावच खैराच्या झाडापासून काथ काढण्याच्या कामावरून पडलं. जंगल बंद झालं तसा काथ गेला आणि ती माणसं वीटभट्टीवर गेली. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीनच जमाती विशेष असुरक्षित गटात मोडतात. त्यातली एक आपल्या दारात शेवळं विकायला येते. तिची एकही वस्तू मी आजवर प्रदर्शनात पाहिलेली नाही, कारण दाखवण्यासारखं ‘सुंदर’ तिच्याकडे काही नाही, असं भरवणाऱ्यांना वाटतं.

मिठागर
१५ ऑगस्ट, रात्री ९:००

घणसोलीतून लिहितोय. शिक्षक आहे, आता निवृत्तीला आलोय. आगरी.

आमच्या शाळेत दहा वर्षांपूर्वी एका खोलीत ‘आमचं गाव’ असं दालन करायचा प्रयत्न केला होता. मुलांनी घरोघरून वस्तू आणल्या. उखळ, मुसळ, जातं, दोन इरली, कोयता अडकवायची लाकडी आकडी, आणि एका मुलानं खांद्यावर घालून उघाडीची जुनी फळी आणली. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधाला ठेवलेलं दार. भरतीचं खारं पाणी शेतात येऊ नये आणि शेतातलं पाणी ओहोटीला बाहेर जावं, म्हणून ती फळी चढवायची-उतरवायची. भरती-ओहोटीची वेळ चुकली तर वर्षाचं भात गेलं. रात्री दोन वाजता कंदील घेऊन माझे वडील बांधावर जायचे.

ती फळी मी मुलांना दाखवली तर एकानंही ओळखली नाही. कारण शेतच नाही. १७ मार्च १९७० ला सिडको (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. शेत गेलं, मिठागर गेलं. ‘आगर’वरून ज्यांचं नाव आगरी, त्यांच्या पोरांना आगर दिसत नाही. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर आले. जानेवारी १९८४ मध्ये जासईला गोळीबार झाला, दोन दिवसांत पाच शेतकरी हुतात्मे झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या रक्तावर उभी आहे. नवी मुंबईत राहायला आलेल्या किती जणांना हे माहीत आहे? त्यांचा दोष नाही, कुणी सांगितलंच नाही. गावाची नावं रेल्वे स्टेशनांना आहेत : तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, रबाळे. स्टेशनावर उतरणाऱ्याला वाटतं, शहराआधी इथे काहीच नव्हतं.

दालनाचं काय झालं ते सांगतो. दोन वर्षं चाललं. नंतर खोली दुसऱ्या कामाला लागली. वस्तू जिन्याखाली गेल्या. पावसात इरली कुजली. फळी मी घरी आणली, माझ्या पलंगाखाली आहे. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे.

एक चांगली गोष्टही सांगतो. तलासरीच्या भावानं ‘धवलेरी’ म्हटलं आणि मला माझी आजी आठवली. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात ‘धवळारीण’ असते. तीच धवळे गाते, हळदीपासून लग्न लागेपर्यंत. खाडीकाठची धवळारीण आणि डोंगरातली धवलेरी! दोन समाज, एकच शब्द, एकच काम, दोन्ही बाया, दोघींचं नाव कुठल्या वहीत नाही. पाचवा डबा भाऊ, भांडणं लागतील म्हणता, पण बघा, आज या धाग्यावर नातं निघालं.

चेंदणीकर
१५ ऑगस्ट, रात्री ९:२२

सर, ती फळी टाकू नका. मी येऊन बघतो.

उत्तरायण
१६ ऑगस्ट, पहाटे ३:४०

स्टॉकहोमहून. माहेर ठाण्याचं, नौपाड्याचं.

काचपेटीताईंच्या ‘जपायचं की हात लावू द्यायचा’ या मुद्द्यावर इथलं एक उदाहरण सांगते. इथल्या मानववंश संग्रहालयाबाहेर एक कोरीव लाकडी खांब उभा आहे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हायस्ला लोकांनी कोरलेला. मूळ खांब १८७२ मधला, साथीत गेलेल्या आपल्या माणसांच्या आठवणीसाठी त्यांच्या प्रमुखानं उभारलेला. १९२९ मध्ये तो कापून स्वीडनला आणला गेला. हायस्लांना तो कुठे आहे हे कितीतरी वर्षांनी कळलं आणि त्यांनी परत मागितला. आणि कसा मागितला बघा : त्यांच्या कारागिरांनी तसाच नवा खांब कोरून स्वीडनला दिला. २००६ मध्ये मूळ खांब घरी गेला.

वाद कशावरून रेंगाळला माहितीये? संग्रहालयाचं म्हणणं, खांब जपायला नीट इमारत हवी. हायस्लांची रीत अशी की खांब उभा असतो तोवर उभा, पडला की मातीत मिसळू द्यायचा. त्यांच्या दृष्टीनं कुजणं म्हणजे नुकसान नव्हे, खांबाचं आयुष्य पूर्ण होणं. लग्नापुरत्या चौकाबद्दल वाचलं तेव्हा मला हा खांबच आठवला. जपणं म्हणजे काय, हे ज्याची वस्तू तोच ठरवणार.

अमेरिकेत तर १९९० साली कायदाच झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या संग्रहालयांनी तिथल्या आदिम जमातींचे मानवी अवशेष आणि पवित्र वस्तू त्या त्या जमातींना परत द्यायला हव्यात. अंमलबजावणी सावकाश चाललीय, पण विचारणं तरी बंधनकारक झालं.

काचपेटी
१६ ऑगस्ट, सकाळी १०:००

उत्तरायण, चांगलं उदाहरण. आपल्याकडेही अगदी कोरी पाटी नाही. भोपाळच्या मानव संग्रहालयात निरनिराळ्या जमातींची घरं आहेत, ती त्या त्या जमातीच्या माणसांनी येऊन स्वतः बांधलीत. गुजरातेत तेजगढला भाषा संस्थेच्या आदिवासी अकादमीत ‘वाचा’ नावाचं संग्रहालय आहे, नावातच आवाज आहे. पुण्यात आदिवासी संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे, संस्था १९६२ पासूनची. ठाण्याहून शिवनेरीनं तीन-साडेतीन तास. मुखवटे पाहायला तरी जाऊन या.

माझं मत या धाग्यामुळे थोडं हललंय, हे लिहायला हवं. प्रत्येक वाद्याचे दोन नग घ्यावेत : एक काचेत, एक हातात द्यायला, आणि हातातला बिघडला की करणाऱ्याला पैसे देऊन दुरुस्त करून घ्यायचा. त्यानं त्याची कलाही चालू राहील. पण विचारणं, नाव लिहिणं, आणि ‘नाही’ ऐकून घेणं, या तिन्हींना खर्च शून्य आहे.

जुना_ठाणेकर
१६ ऑगस्ट, सायंकाळी ६:३०

वय ७४. मध्येच एक जागा सुचवतो.

ठाण्याचं कारागृह म्हणजे जुना किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेला. तिथेच २ मे १८४८ रोजी राघोजी भांगरे यांना फाशी दिली. महादेव कोळी समाजातले, अकोले तालुक्यातल्या (अहिल्यानगर जिल्हा) डोंगरातले. सावकारांच्या वह्या जाळणारे, इंग्रजांशी लढणारे. १९१० मध्ये अनंत कान्हेरे यांनाही इथेच फाशी झाली. कान्हेरे आमच्या पिढीला शाळेत शिकवले. राघोजी मला वयाच्या साठीत कळले, आणि मी त्या भिंतीपासून दहा मिनिटांवर जन्मलो.

रांचीला बिरसा मुंडांनी ज्या तुरुंगात प्राण सोडला त्या जुन्या तुरुंगात २०२१ मध्ये संग्रहालय झालं. इथे चालतं कारागृह आहे, आत संग्रहालय करा असं मी म्हणत नाही. बाहेरच्या भिंतीशी एक नीट लिहिलेला फलक, राघोजींचं नाव, तारीख, आणि त्यांच्या समाजातल्या माणसांनी लिहिलेल्या चार ओळी. नातवाला घेऊन जाईन.

शिलाहार राजांचं श्रीस्थानक (ठाण्याचं जुनं नाव), १७८७ मध्ये ठाण्यात खोदकामात सापडलेला ताम्रपट, हे सगळं यायलाच हवं. पण राजांच्या दानपत्रांना जागा आपोआप मिळते. राघोजींसाठी मागावी लागते.

रानवाट
१६ ऑगस्ट, रात्री ८:१०

शिलाहारांचा विषय निघालाच आहे तर : आपल्या भागातल्या गावांच्या वेशीवर वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे दगड) आणि गधेगाळ (दान मोडणाऱ्याला शाप देणारे दगड) उभे आहेत. गधेगाळावर वर सूर्य-चंद्र, मध्ये लेख किंवा कोरी जागा, खाली गाढवाचा शाप. गावकरी त्यांना शेंदूर लावतात, नारळ फोडतात. अभ्यासक म्हणतात शेंदरानं लेख बुजतो, उचलून संग्रहालयात न्या. मी स्वतः एकदा असं म्हणणाऱ्यांत होतो. एका गावात म्हातारे बाबा म्हणाले, “नेशील तर ने, पण आमच्या गावाची शीव कोन राखील?” तो दगड त्यांच्यासाठी अजून कामावर आहे. मी छायाचित्र घेतलं, मोजमाप घेतलं, निघून आलो. आता वाटतं तेच बरोबर होतं.

ओसरी
३१ ऑगस्ट, रात्री ९:४५

उशिरा लिहितेय, पण सांगण्यासारखं घडलंय.

प्रदर्शनवाल्यांशी बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, वस्तू अजून आमच्याकडेच आहेत, तुम्ही पाटी लिहून आणा, आम्ही बदलतो. मग मागच्या रविवारी तलासरी_ते_ऐरोली आणि मी मावशींच्या पाड्यावर गेलो. पाऊस धो धो, ओसरीवर बसूनच लिहिलं. मावशींचे मामेभाऊ, म्हणजे ज्यांच्या घरी तारपा खुंटीला आहे त्या मामांचे चिरंजीव, ते डहाणूकडून आले होते. नात वही घेऊन बसली.

मी आपली सवयीनं सुरुवात सांगितली, ‘तारपा : भोपळा, बांबू, ताडाचे पान, मेण.’ मावशी म्हणाल्या, “आधी कोनी केला तो लिव. भोपला काय आपला आपन वाजतो?” मग करणाऱ्याचं नाव आणि गाव पहिल्या ओळीत आलं. प्रदर्शनातला तारपा कुणी केला ते नोंदीत नव्हतं, पण मामेभावांनी छायाचित्रावरून बांधणी ओळखली आणि दोन फोन करून नाव काढलं. (इथे देत नाही, त्या काकांची परवानगी फक्त पाटीपुरती घेतलीय.) दुसरी ओळ : ‘वाजवणारा मध्ये असतो, नाचणारे त्याला पाठ दाखवत नाहीत.’ तिसरी ओळ नातीनं घातली : ‘आमच्याकडे अजून वाजतो.’

चौकाबद्दल मावशींना विचारलं. त्या घरातल्या दोन म्हाताऱ्यांकडे बघून बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, नाचाची, शेताची चित्रं ठेवा, देवीचा चौक नको. प्रदर्शनात तो होता. आयोजकांनी तो उतरवून ठेवलाय, कागदावर लिहिणाऱ्या ताईंना विचारून परत द्यायचं ठरलंय. भिंतीवरची ती जागा रिकामी आहे.

मिठागर सर, तुमची फळी चेंदणीकरांनी पुसून, उन्हात नाही सावलीत वाळवून, फोटोसह तिथे पोचवलीय, हे त्यांनी तुम्हाला सांगितलंच असेल. तिच्या पाटीवर तुमच्या वडिलांचा रात्री दोनचा कंदील यायला हवा, ते तुम्हीच लिहून द्या.

परवा आम्ही सगळे सभागृहात गेलो. या वेळी तोच स्वयंसेवक मुलगा पेटी उघडून बाजूला झाला. मामेभावांनी बरोबर मेणाचा गोळा आणला होता, तळहातात मळून मऊ केला आणि कर्णा जागच्या जागी बसवला. मग तोंडाला लावून फुंकर मारली. एका नळीतून आवाज आला, दुसरीतून नुसती हवा. त्यांनी नळी काढून उजेडात धरली आणि म्हणाले, जीभ गेलीय, दिवाळीनंतर नवी करून आणतो.

नव्या पाटीच्या खाली नातीनं पेन्सिलीनं लिहून ठेवलंय : ‘सध्या नादुरुस्त.’